शेवंताचा घास

रायपूरच्या एका सरकारी इस्पितळात गिळण्याच्या त्रासावर संशोधन चाललं होतं, तेव्हा मी तिथे फॉर्म भरायच्या कामावर होते. तीन वर्षांचं काम होतं आणि मी त्यासाठी नागपूरहून गेले होते. डॉक्टर कौमुदी बक्षी त्या संशोधनाच्या प्रमुख. ज्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही अशी माणसं त्या इस्पितळाच्या सगळ्या विभागांतून शोधून आणत. कुणाला लकवा झालेला, घोटभर पाणी प्यायलं की ठसका लागून ते फुप्फुसात जायचं आणि न्यूमोनिया व्हायचा. कुणी वर्षानुवर्षं दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूचा काळा लेप, चोळत आलेलं आणि आता अन्ननलिकेत गाठ. आणि काही तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, पोटात गेलेले. मी एकेकाजवळ बसायचे आणि त्रेचाळीस प्रश्न विचारायचे. केव्हापासून अडकतं? घट्ट अडकतं की पातळही? वजन किती उतरलं? झोपेत खोकला येतो का?

अकरावा प्रश्न फक्त तेजाबवाल्यांसाठी होता. कसं घडलं: चुकून, स्वतःहून, की दुसऱ्या कुणी पाजलं?

शेवंताने ‘चुकून’ म्हणून सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, मी तिन्ही पर्याय वाचले आणि पहिल्यावर तिने मान हलवली. एप्रिल महिना होता, २०१६ साल. अठ्ठावीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची बाई, पण त्या खांद्यांवरून ब्लाऊज लोंबत होतं. हातात स्टीलचा गडू. दर मिनिटा-दोन मिनिटांनी ती त्यात थुंकायची, कारण स्वतःची लाळसुद्धा खाली उतरत नव्हती. साडीच्या आत पोटाला भोक पाडून थेट आतड्यात एक नळी बसवलेली होती. पातळ, गाळलेलं अन्न पिचकारीने त्या नळीतून घालायचं. तेवढ्यावर ती जगत होती. एकसष्ट किलोची बाई दोन महिन्यांत एकेचाळीसवर आली होती.

शेजारी तिचा नवरा बसला होता. शेखर त्याचं नाव. स्वच्छ शर्ट, नम्र बोलणं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तोच उत्तर द्यायचा.

“पाण्याची बाटली समजून पिऊन टाकलं मॅडम. चूक माझीच आहे. मी ती बाटली घरात ठेवली काहून?”

बोलताना त्याने उजवा हात मांडीखाली घेतला. त्याचं पहिलं बोट वाकडं होतं आणि पेरावर गुलाबी, नवी कातडी आली होती. मी फॉर्मवर ‘चुकून’पुढे खूण केली.

डॉक्टर बक्षींनी शेवंताला तपासलं तेव्हा मी जवळ उभी होते. त्यांनी तिची हनुवटी वर केली, मग मान वळवली. तेजाबाने भाजल्याचा एक ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून निघून गालावरून कानाच्या पाळीमागे गेला होता आणि तिथून मानेच्या मागच्या बाजूला. वरचा एक दात अर्धा तुटलेला.

नवरा बाहेर गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “उभ्याने किंवा बसून पिताना सांडलं तर गळ्यावर सांडेल, छातीवर सांडेल. कानामागे केव्हा जाईल? माणूस उताणा पडला असेल तर.”

मग त्या शेवंताकडे वळल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “हा फॉर्म आमच्या कपाटात राहतो. त्यातलं कुठलंही उत्तर केव्हाही बदलता येतं. तुम्ही सांगाल तसं आम्ही लिहू.”

शेवंता गडूत थुंकली.

नंतर तिचं सगळं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळलं. तिचे वडील तुळशीराम भंडाऱ्याकडचे. रायपुरात रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काम केलं आणि रिटायर होऊन वर्षभरात वारले. शेवंता रेल्वेच्या क्वार्टरमध्येच वाढली. शाळेत कबड्डी खेळायची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही ती पंडरी बाजारातल्या एका ठोक दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. तिथल्या बायका सांगायच्या की डब्यातलं स्वतःचं संपवून ती दुसऱ्याचं मागायची आणि कुणी दिलं नाही तर उचलून खायची. खाण्यावर तिचं फार प्रेम.

शेखर सदर बाजारातल्या गलाईच्या दुकानात कामाला होता. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातली भेसळ काढायची, हे त्याचं काम. शहराजवळच्या बीरगांवला दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. पायल झाली. मारहाण तिच्या जन्माआधीच सुरू झाली होती. पहिल्यांदा त्याने तिला चप्पलने मारलं, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. मग कारण लागेनासं झालं. एकदा त्याने तिचे केस दारात अडकवून दार ओढलं होतं. एकदा दुकानातून पाच मिनिटं उशिरा आली म्हणून पोटात लाथ मारली आणि तिचा तीन महिन्यांचा गर्भ गेला.

“मी मार खाऊन घेणारी नव्हती ताई,” ती मला म्हणाली होती. “मीही मारत होती. त्याच्या डोक्यात लाटणं घातलं एकदा, चार टाके पडले. पण मी एक मारली की तो दहा मारे.”

फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. शेवंताने पिशवी भरली होती. पायलला घेऊन ती आईकडे कायमची निघाली होती आणि तसं तिने त्याला तोंडावर सांगितलं. आठ वर्षांची पायल दारात चपला घालत होती. शेखरने शेवंताला मागून धरून खाली पाडलं. तिच्या छातीवर गुडघा दिला. मोरीजवळ पाण्याच्या बाटलीत दुकानातलं तेजाब होतं, फरशी साफ करायला म्हणून तो आणायचा. ती बाटली त्याने ओढून घेतली. तिने दात आवळले. त्याने बाटलीचं तोंड तिच्या दातांवर हाणलं, दात तुटला, तरी तिने तोंड उघडलं नाही. मग त्याने तिचं नाक दाबलं. श्वासासाठी तिने तोंड उघडलं आणि त्याने ओतलं.

“आत गेलं तेव्हा आवाज झाला,” ती म्हणाली. “तव्यावर पाणी टाकल्यावर होते तसा. मले वाटलं तो आवाज बाहेरून येऊन राहिला.”

तिने बरंचसं थुंकून टाकलं. तोंडात शिरलेलं त्याचं बोट मात्र सोडलं नाही. हाडापर्यंत चावलं. तो ओरडला तेव्हा शेजारची माणसं आली. बोट तिच्या दातांतून सुटल्यावर तिला रक्ताची उलटी झाली.

इस्पितळात शेखरनेच आणलं. रिक्षात तिच्या कानाशी तो एकच वाक्य बोलत होता: पोट्टी माझ्याजवळ आहे. शेवंताला रिक्षात घालण्याआधीच त्याने पायलला धाकट्या भावाकडे, निरंजनकडे, पाठवून दिलं होतं. चौथ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. त्याआधी शेवंताची आई शारदा खाटेजवळ आली. ती सत्तरीची, भित्री बाई. तिने मुलीचा हात हातात घेतला.

“चुकून म्हण, माय. पोट्टी त्याच्यापाशी आहे. तू मेली तर तिले कोण पाहीन? आन् तू जगली तर तुले कोण पोसीन?”

शेवंताला बोलता येत नव्हतं. हवालदाराने विचारलं, गलती से पी लिया क्या? तिने मान हलवली. त्याने लिहून घेतलं आणि अंगठ्याला शाई लावली. दहावी शिकलेल्या बाईचा अंगठा.

एप्रिलच्या शेवटी तिचे उपचार सुरू झाले. आधी तिला पांढरं बेरियमचं औषध घोटभर प्यायला लावून एक्स-रे काढले. ते औषध अन्ननलिकेतून जाताना चित्रात दिसतं. निरोगी माणसाची अन्ननलिका त्यात पट्ट्यासारखी रुंद दिसते. शेवंताच्या चित्रात मध्यभागी बोटभर लांबीची एक पांढरी रेघ होती, पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक. भाजलेली जागा भरून येताना आकसते, कातडीवरचा डाग ओढला जातो तशी. डॉक्टर बक्षींनी तिला तेच चित्र दाखवलं आणि म्हणाल्या की ती जागा आतून ताणून रुंद करावी लागेल. एकदा करून भागणार नाही, ती पुन्हा आकसेल, पुन्हा ताणायची. ताणताना फाटली तर जीवावर बेतू शकतं. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून सही घेतली. शेवंताने तिथे सही केली, अंगठा नाही.

मी तो पहिला दिवस पाहिला आहे. घशात बधिर करायचा फवारा मारला. तिला कुशीवर झोपवलं. आधी दुर्बिणीतून एक बारीक तार त्या रेघेतून पोटापर्यंत नेली, मग तारेवरून एक नळी, ती काढून तिच्याहून जाड, ती काढून आणखी जाड. दोन नर्सेस तिचे हात धरून होत्या. नळी चिंचोळ्या जागेत शिरली की तिचे पाय टेबलावर आपटायचे, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहायचं, घशातून घरघर यायची. बाहेर काढलेल्या नळीवर रक्ताची रेघ होती. सगळा प्रकार बारा मिनिटांचा. उठून बसल्यावर डॉक्टरांनी तिला चमचाभर पाणी दिलं. ते खाली उतरलं. नऊ आठवड्यांनंतर पाण्याचा पहिला घोट. ती रडली नाही. आणखी एक चमचा मागितला.

दर पंधरा दिवसांनी हेच. जूनपर्यंत ती पातळ खिचडी घोटून घोटून खायला लागली होती. अन्न खाली गेलं की नाही हे तिला छातीवर हात ठेवून कळायचं.

शेखरला ते बघवत नव्हतं, की बरी झाली तर ती बोलेल म्हणून त्याला भीती वाटत होती, मला माहीत नाही. जूनमधल्या एका दुपारी त्याने घरी मटण शिजवलं. पायल तेव्हा परत घरी आली होती. तो शेवंतासमोर जेवायला बसला.

“नळीनं जेवते, नळीनं गिळते,” तो म्हणाला. “इस्पितळात बसून नाटकं शिकली. खा.”

तिने मान हलवून नाही म्हटलं. त्याने तिची मान काखेत धरली आणि मटणाचा अख्खा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. वरून तोंड दाबून धरलं. तिला गिळावंच लागलं. तुकडा त्या अरुंद जागेवर जाऊन बसला. त्याने आणखी एक कोंबला, मग वरून पाणी ओतलं. आता खाली जायला वाट नव्हती, म्हणून पाणी वर आलं आणि श्वासनळीत शिरलं. तिचा चेहरा निळा पडला. पायल किंचाळत शेजारी गेली. शेजारचा भैय्यालाल ट्रक ड्रायव्हर होता. त्याने शेखरला दारातच दोन ठोसे मारून बाजूला केलं, शेवंताला पालथी घालून पाठीवर थापा मारल्या आणि उचलून गाडीत टाकलं.

दुर्बिणीने ते तुकडे काढायला डॉक्टरांना पाऊण तास लागला. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा न्यूमोनिया झाला आणि ती आठ दिवस ऑक्सिजनवर होती. नवव्या दिवशी तिने नर्सकडून मला बोलावून घेतलं. आवाज फाटलेला होता, तो पुढे तसाच राहिला.

“ताई, तो फॉर्म आण.”

मी कपाटातून फॉर्म आणला.

“अकरावा वाच.”

मी वाचला. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, ‘चुकून’वरची खूण गिरगटून टाकली आणि तिसऱ्या पर्यायापुढे इतक्या जोराने खूण केली की कागद फाटला. मग समोरच्या कोऱ्या जागेत तिने ‘शेखर’ असं लिहिलं.

मी धावत डॉक्टर बक्षींकडे गेले. त्या येऊन खाटेच्या कडेला बसल्या.

“हा कागद संशोधनाचा आहे, शेवंता. तो कपाटातून बाहेर जाणार नाही. पोलिसांना सांगायचं असेल तर वेगळं सांगावं लागेल, मॅजिस्ट्रेटसमोर. आणि पायलचा बंदोबस्त आधी करावा लागेल.”

“पोट्टी कुठी आहे?”

“भैय्यालालच्या घरी. त्याच्या बायकोजवळ.”

“मंग आजच बोलवा.”

त्याच दुपारी तिचा जबाब झाला. शारदाबाई दारात उभ्या राहून रडत होत्या आणि कुणी विचारलं नसतानाही सांगत होत्या की आपणच तिला खोटं बोलायला लावलं. तेही लिहून घेतलं गेलं. तेजाब फेकणं आणि तेजाब पाजणं हे कायद्यात एकाच कलमात येतं, हे मला त्या दिवशी कळलं. शेखरला सदर बाजारातल्या दुकानातून उचललं.

शेवंता आईकडे, रेल्वे क्वार्टरांमागच्या तिच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. पोटातली नळी अजून काढली नव्हती, न्यूमोनियानंतर तोंडाने खाणं पुन्हा बंद झालं होतं. ऑगस्टमध्ये निरंजन, तिचा दीर, दोन माणसांना घेऊन आला. हातात समझोत्याचा टाईप केलेला कागद. भर दुपार होती. शारदाबाई नळीतून वरणाचं पाणी घालत होत्या.

“वहिनी, सही कर. भाऊ चार महिन्यापासून आत आहे,” तो म्हणाला. खरं म्हणजे दोनच महिने झाले होते.

“नाही करत.”

“करशीन. याच्यावरच जगून राहिली न तू?” असं म्हणून त्याने ती नळी पकडली आणि हिसका दिला.

टाके तुटून नळी बाहेर आली. पोटातून रक्त आणि वरण एकत्र सांडलं. शेवंता खाली बसली होती, तिच्या हाताशी पाटा-वरवंटा होता. आई नळीतलं अन्न मिक्सरमध्ये काढायच्या आधी त्यावर रगडायची. शेवंताने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि बसल्या बसल्या निरंजनच्या पायावर घातला. तो वाकला तेव्हा दुसऱ्यांदा खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज शारदाबाईंनी ऐकला. सोबतची दोन माणसं पळाली. निरंजन उंबऱ्यावर आडवा पडून आईच्या नावाने विव्हळत होता आणि शेवंता एका हाताने पोटाचं भोक दाबून, दुसऱ्या हातात वरवंटा घेऊन त्याच्याकडे बघत होती.

“तिसरा डोक्यात घालणार होती,” ती मला म्हणाली. “मायनं हात धरला.”

पोलिसांनी निरंजनवर केस केली, आणि शेवंतावरही केली. तिच्यावरची केस पुढे चार वर्षं चालली आणि स्वसंरक्षण म्हणून ती सुटली. पण त्या चार वर्षांत तिला दोन वेगवेगळ्या कोर्टांच्या तारखा असायच्या, एकीत फिर्यादी आणि एकीत आरोपी.

नळी पुन्हा बसवली. ताणण्याचं काम पुन्हा सुरू झालं. डिसेंबरपर्यंत चौदा वेळा झालं, तरी जागा तीन आठवड्यांत आकसायची. डॉक्टर बक्षींनी दोन वाटा सांगितल्या. एक, मोठं ऑपरेशन: मोठ्या आतड्याचा तुकडा वर ओढून त्याची नवी अन्ननलिका करायची. तिच्या अंगात तेवढं बळ अजून नव्हतं. दुसरी वाट म्हणजे रोज घरी स्वतःच नळी गिळायची, म्हणजे जागेला आकसायला वेळच मिळत नाही. बोटाएवढी जाड, टोकाला निमुळती होत गेलेली रबरी नळी.

“स्वतःच?” शेवंताने विचारलं.

“स्वतःच. फार थोड्यांना जमतं.”

“दुसऱ्यानं घातल्यापेक्षा बरं,” ती म्हणाली.

शिकायला तिला अकरा दिवस लागले. मी रोज तिच्याबरोबर बसायचे. नळी कोमट पाण्यात बुडवायची, ताठ बसायचं, हनुवटी थोडी खाली, नळी जिभेच्या मुळाशी नेऊन घोट घेतल्यासारखं गिळायचं आणि त्याच क्षणी हाताने पुढे सरकवायची. पहिल्या दिवशी नळी जिभेला लागली आणि ती ओकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नळी घशात गेली आणि एकदम तिचा हात थांबला, डोळे पांढरे झाले, तिने नळी उपसून भिंतीवर फेकली आणि माझ्या थोबाडीत मारली. तिला मी दिसतच नव्हते. तिच्या लेखी शेखरचा गुडघा छातीवर होता, नाक दाबलेलं होतं. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी थोडी लांब बसले होते.

अकराव्या दिवशी नळी खूण केलेल्या जागेपर्यंत गेली. पाच मिनिटं ती तशीच बसली, तोंडातून रबराचं टोक बाहेर, हात मांडीवर. काढल्यावर त्यावर रक्त नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी तेच. तिच्या पोटातली नळी मार्चमध्ये कायमची काढली.

खटला पाच वर्षं चालला. मी तोवर नागपूरला परत आले होते, पण शेवंताच्या साक्षीच्या दिवशी गेले आणि पुढे निकालाच्याही. शेखरच्या वकिलाने तिला विचारलं, “पहले आपने पुलिस को कहा, गलती से पी लिया. तब झूठ बोलीं या अब बोल रही हैं?”

“तब झूठ बोली. मेरी बेटी इनके पास थी.”

“और अब बेटी आपके पास है, इसलिए जो मन में आए बोल रही हैं?”

“अब बेटी मेरे पास है, इसलिए सच बोल रही हूँ.”

डॉक्टर बक्षींनी कानामागच्या ओघळाचा फोटो दाखवून सांगितलं की ही बाई त्या वेळी उताणी होती. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ड्यूटीच्या डॉक्टरने छातीवर गुडघ्याएवढा काळानिळा डाग असल्याचं लिहिलं होतं. पाच वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. त्याच दिवशीच्या रजिस्टरमध्ये शेखरच्या बोटाला टाके घातल्याची नोंद होती आणि कारणापुढे लिहिलं होतं: मशीन. पायल तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला मराठी कळते, पण बोलते हिंदीत. तिने न्यायाधीशांना सांगितलं, “मैं चप्पल पहन रही थी. पापा ने नाक दबाई थी.” एवढंच सांगितलं.

शेखरला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकल्यावर त्याने शेवंताकडे वळून शिवी दिली आणि म्हणाला, “बाहेर येतो मग पाहतो.” शिपायांनी त्याला मानेला धरून नेलं. मी शेवंताच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिला आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. तिने पिशवीतून गडू काढला, जुन्या सवयीने त्यात थुंकली, आणि म्हणाली की सकाळपासून काही खाल्लं नाही, आधी कुठेतरी बसू.

आमचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात शेवंता एका तक्त्यातला एक आकडा होती. तेजाब चुकून प्यायले असं नातेवाइकांसमोर सांगणाऱ्या सात बायकांनी एकटं विचारल्यावर उत्तर बदललं होतं. डॉक्टर बक्षींनी शेवटी एक शिफारस जोडली: गिळण्याच्या त्रासाचं कारण विचारताना रोग्याला एकटं भेटावं. आता त्यांच्या विभागात नातेवाइकांना आधी बाहेर पाठवतात आणि मग विचारतात. बाहेर पाठवायचं काम शेवंता करते. तिला तिथेच दुर्बिणीच्या खोलीत अटेंडंट म्हणून लावून घेतलं आहे. नळी गिळायला शिकणाऱ्यांच्या समोर ती स्वतः गिळून दाखवते.

गेल्या वर्षी तिला इस्पितळाकडून मेमो मिळाला. व्हरांड्यात एक माणूस सलाईन लावलेल्या बायकोला थोबाडत होता. शेवंताने त्याची कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. तीन टाके पडले. तिने लिहून दिलं की असं परत होणार नाही. मला फोनवर म्हणाली, “लिहून तर दिलं.”

तेजाबाने भाजलेल्या अन्ननलिकेत पुढे वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होण्याची भीती असते, म्हणून तिची वेळोवेळी तपासणी होते. या वर्षी तपासायला काढलेला आतला तुकडा चांगला आला. शेखरचं अपील बिलासपूरला हायकोर्टात पडून आहे. निकालाआधी आत काढलेले दिवस धरले तर त्याला सुटायला फार वर्षं नाहीत. मी विचारलं, भीती वाटते का?

“वाटते न. काहून नाही वाटणार?” ती म्हणाली. “पायल म्हणते नागपूरले जाऊ. मी म्हटलं, मी काहून जाऊ? माह्या बापानं इथी बत्तीस वर्ष काम केलं.”

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे जेवायला गेले होते. भात, वरण, बारीक चिरून मऊ शिजवलेली भाजी. शारदाबाईंना आता दिसत नाही, त्या चाचपडत वाढतात. मी दहा मिनिटांत उठले. पायलची बारावीची परीक्षा होती, ती जेवून पुस्तक घेऊन बसली. शेवंताचं जेवण चालूच होतं. एकेक घास ती बराच वेळ चावत होती, मग गिळून क्षणभर थांबत होती, छातीवर हात ठेवत होती आणि पुढचा घेत होती. पाऊण तासाने तिने ताट पुसून घेतलं आणि आईला म्हणाली, “थोडा भात आहे का अजून?”